हिरव्या दिव्याची चूक

मुलांनो, कल्पना करा, तुमच्यासमोर झाकणाचा एक स्टीलचा डबा आहे. डब्यात पाणी आहे आणि त्या पाण्यात खरवसाची एक मोठी, मऊ वडी तरंगते आहे. आता हा डबा ओट्यावरून जोरात सरकवा आणि मध्येच एकदम थांबवा. डबा थांबला. वडी थांबली का? नाही. ती पुढे गेली, डब्याच्या भिंतीवर आदळली, मागे आली आणि जाता-येता थोडी पिळवटली. डब्याला बाहेरून साधा पोचासुद्धा आलेला नाही. झाकण उघडल्याशिवाय कुणाला काही कळणार नाही.

तुमची कवटी म्हणजे हा डबा आणि मेंदू म्हणजे ती वडी. फरक एवढाच, की मेंदूच्या वडीत केसापेक्षा कितीतरी बारीक असे कोट्यवधी तंतू आहेत आणि त्यांच्यावरून सतत निरोप धावत असतात. डोक्याला जोराचा हिसका बसला, की हे तंतू ताणले जातात. बहुतेक वेळा ते तुटत नाहीत, पण निरोप रखडतात. अशा माराला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. रक्त येत नाही, हाड मोडत नाही, मेंदूचा फोटो काढला तर तोही बऱ्याचदा चांगलाच दिसतो. माणूस उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, “मला काही झालं नाही.” तो खोटं बोलत नसतो. ज्या मेंदूने तपासायचं, त्यालाच मार लागलेला असतो.

आता दुसरी कल्पना करा. आजपासून सोळा-सतरा वर्षं पुढे चला. सह्याद्रीच्या माथ्यावर करंजखिंड नावाचं गाव आहे. शाळा खाली बाजारगावात आहे आणि मध्ये चौदा वळणांचा घाट. तुम्ही विचाराल, तोवर गाड्या आपोआप चालत असतील ना? शहरांत चालतात. पण या घाटात धुकं उतरलं, की आपोआप चालणाऱ्या गाड्या हात टेकतात. कुठे दरड आलेली, कुठे म्हशी रस्त्यातच रवंथ करत बसलेल्या. म्हणून करंजखिंडीच्या शाळेच्या गाडीला माणूसच लागतो. तो माणूस म्हणजे स्नेहल लोहार.

स्नेहल आठ वर्षं ही गाडी चालवत होती. गावची मुलं तिला काकी म्हणत. तिची मुलगी आर्वी बारा वर्षांची, सातवीत, आणि गाडीत कायम पहिल्या बाकावर. आर्वीचे बाबा पुण्याला कामाला होते, महिन्यातून दोनदा घरी यायचे. त्यामुळे घरात या दोघी, आणि सणावाराला माहेरी येणारी तेजाआत्या.

गेल्या वर्षी या गाडीत एक नवं यंत्र बसलं होतं. त्याचं नाव ‘पारख’. स्टिअरिंगच्या मागे तळहाताएवढा पडदा. रोज सकाळी चालकाने समोर बसायचं आणि चाळीस सेकंद एक खेळ खेळायचा. पडद्यावर एक ठिपका नागमोडी फिरतो, डोळ्यांनी त्याच्या मागे जायचं. मध्येच एखादा चौकोन चमकतो, चमकताच बटण दाबायचं. शेवटी, सुरुवातीला दाखवलेली पाच चित्रं कोणती होती ते सांगायचं. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा लागतो आणि गाडी सुरू होते. नाहीतर लाल दिवा लागतो आणि गाडी जागची हलत नाही.

ठिपका कशासाठी? सरकत्या गोष्टीवर नजर ठेवणं आपल्याला सोपं वाटतं. पण ठिपका पुढे कुठे जाणार याचा अंदाज मेंदू सारखा बांधत असतो, म्हणून नजर ठिपक्याबरोबर राहते. मार बसलेल्या मेंदूचा अंदाज चुकतो. नजर मागे पडते आणि मग उडी मारून ठिपका गाठते. पारख त्या उड्या मोजते. घाटात नेमकं हेच लागतं, बरं का. वळणावरचा दुचाकीवाला, कडेचं वासरू, मागच्या बाकावरचं भांडण, सगळ्यांवर एकाच वेळी लक्ष. डोक्याला मार बसलेला माणूस एक काम नीट करू शकतो. दोन-तीन कामं एकदम आली, की तो मागे पडतो.

पारखेची आणखी एक गोष्ट फार शहाणपणाची होती. ती कुणाचीही तुलना दुसऱ्याशी करत नसे. काही माणसं मुळातच चपळ असतात, काही निवांत. म्हणून यंत्र बसवलं, त्या दिवशी प्रत्येक चालकाची एक मूळ नोंद घेतली होती. रोजची परीक्षा त्या नोंदीशी ताडून बघायची, म्हणजे आजच्या स्नेहलची तुलना स्नेहलशीच.

इथपर्यंत समजलं ना? मग आता कबड्डीच्या मैदानावर चला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी करंजखिंडीत सुना विरुद्ध लेकी असा सामना होतो. एका बाजूला गावात लग्न करून आलेल्या, दुसऱ्या बाजूला माहेरी आलेल्या गावच्या मुली. पदर खोचून, वेण्या बांधून सगळ्याजणी उतरतात आणि पुरुष बाहेर बसून गुण मोजतात.

“ए सुनांनो, भाकऱ्या थापून हात दुखत असतील तर आधीच सांगा, सोडून देऊ!” तेजाआत्या ओरडली.

“माहेरी येऊन आयतं गिळणाऱ्यांनी दम लागेपर्यंत बोलू नये!” स्नेहलने मांडीवर थाप मारली आणि ती चढाईला गेली.

तिने दोघींना शिवलं. परत फिरताना आत्याने तिचा घोटा धरला, दुसरीने कंबर धरली, आणि त्या झटापटीत कुणाचा तरी गुडघा स्नेहलच्या कानशिलावर बसला. ती आडवी झाली, पण हात मधल्या रेषेपलीकडे पोचला होता.

“वैनी! लागलं का गं?” आत्या घाबरली.

“आधी गुण मोज!” स्नेहल हसत उठली. सुना जिंकल्या. हलगी वाजली. ती क्षणभरसुद्धा बेशुद्ध पडली नव्हती. मुलांनो, हे लक्षात ठेवा, बेशुद्ध न पडताही कन्कशन होतं.

संध्याकाळी घरी सगळ्या गप्पा मारत बसल्या. आईने आमटीत मीठ घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं.

“आई, दोनदा पडलं मीठ.”

“एकदाच घातलंय. आणि तो दिवा बंद कर गं, डोळ्यांत जातोय.” दिवा रोजचाच होता. मग आईने आत्याला विचारलं, “तू परत कधी जाणार?”

“मंगळवारी. मघाशीच सांगितलं की!” आत्या हसली.

पाच मिनिटांनी आईने तेच परत विचारलं. या वेळी आत्या हसली नाही.

“आई, उपकेंद्रात नदाफ सिस्टरांकडे जाऊ या,” आर्वी म्हणाली.

“उन्हात खेळले, डोकं चढलंय. झोपले की उतरेल.” आईचा आवाज एकदम चढला. “आणि सारखी माझ्या तोंडाकडे काय बघतेस?”

आर्वीला आईचं असं खेकसणं नवं होतं. आत्याने तिला जवळ घेतलं. “घाबरू नको. उद्या सकाळी पारख आहेच की. काही असलं तर गाडीच सुरू होणार नाही.”

हे ऐकून आईला बरं वाटलं, आत्यालाही वाटलं. यंत्र बघून घेईल म्हटल्यावर आपण बघायचं थांबतो. आर्वीलाही तसंच थांबावंसं वाटलं होतं.

सोमवारी सकाळी पावणेसातला चावडीसमोर चौदा मुलं उभी होती. धुकं इतकं, की समोरचं पिंपळाचं झाड अर्धंच दिसत होतं. दहावीच्या दोघांची सराव परीक्षा होती, त्यातला हर्षद सारखा घड्याळ बघत होता. आई गाडीत बसली. ठिपका फिरला, चौकोन चमकले, पाच चित्रं झाली. आर्वी दारापाशी उभी राहून बघत होती.

हिरवा दिवा लागला.

“बघितलंस?” आई म्हणाली. “चला, बसा सगळे.”

मुलं चढली. आर्वीही चढणार होती. तेवढ्यात आई म्हणाली, “हर्षद, दार लाव रे.” हर्षद म्हणाला, “काकी, आर्वी चढायचीय अजून.” आईने मान हलवली, आरसा नीट केला आणि पुन्हा म्हणाली, “हर्षद, दार लाव रे.” अगदी पहिल्यांदाच सांगतेय तसं.

आर्वीने एक पाय पायरीवर ठेवला आणि तो तसाच राहू दिला. पायरीवर पाय असला, की त्या गाडीचं दार लागत नसे.

“आर्वी, पाय आत घे.”

“आई, एकदा पट्टी धर.”

“काय?”

आर्वीने दप्तरातून तीस सेंटीमीटरची पट्टी आणि विज्ञानाची वही काढली. दोन आठवड्यांपूर्वी शाळेत एक प्रयोग दिला होता. एकाने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायची. दुसऱ्याने खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची आणि दुसऱ्याने ती पकडायची. जितक्या सेंटीमीटरवर पकडली, तितका वेळ मेंदूला लागला. सोळा सेंटीमीटर म्हणजे साधारण सेकंदाचे अठरा शतांश. आर्वीने गावातल्या पंधराजणांची मोजणी केली होती. त्यात पहिला नंबर आईचा होता. सोळा.

“चारचौघांत आईची परीक्षा घेतेस?” आईचा चेहरा लाल झाला. “तुला काय वाटतं, मी पोरांना घेऊन दरीत जाईन?”

“मला तसं वाटत नाही. मला फक्त मोजायचंय.”

“अगं आर्वे, हिरवा लागलाय ना!” हर्षद आतून ओरडला. “माझा पेपर आहे! आठला पोचायचंय!”

तेवढ्यात आत्या शाल गुंडाळत तिथे आली. तिने आईकडे बघितलं, आर्वीकडे बघितलं आणि म्हणाली, “वैनी, धर की. अर्ध्या मिनिटाचं काम. पोरीचं समाधान होईल.”

आईने हात पुढे केला. आर्वीने पट्टी सोडली. पट्टी बोटांतून निसटून खाली पडली.

“माझं लक्ष नव्हतं,” आई म्हणाली.

दुसऱ्यांदा पकडली ती एकोणतीसवर. तिसऱ्यांदा सत्तावीसवर. आर्वीने पट्टी हर्षदपुढे धरली. त्याने चिडूनच पकडली. सतरा.

मुलांनो, साधी पट्टी काही डॉक्टर नव्हे. एखाद्याला सर्दी झाली असली किंवा जागरण झालं असलं तरी आकडा वाढतो. आणि एकोणतीस म्हणजे तरी किती उशीर? सेकंदाचे सहा-सात शतांश जास्त. पण हा उशीर सगळ्यात सोप्या कामाचा होता. एकच पट्टी, एकच हात. घाटात आधी दिसायला हवं, मग ठरवायला हवं, मग पाय हलायला हवा. तिथे हा उशीर कितीतरी पटींनी वाढतो.

“मग मशीन खोटं बोलतंय का?” हर्षदने विचारलं. या वेळी तो चिडून विचारत नव्हता.

आर्वीलाही तेच कळत नव्हतं. यंत्राला तिच्याशी खोटं बोलून काय मिळणार? आजच्या आईची तुलना ते आईशीच करतं. आजची आई आर्वीने बघितली होती. मग ती दुसरी आई कधीची?

ती पायरी चढून आत गेली, पडद्याच्या कोपऱ्यातलं ‘मूळ नोंद’ दाबलं आणि तारीख वाचली.

“आत्या, हा तर दसरा आहे.”

आत्याने कपाळाला हात लावला.

गेल्या दसऱ्याला बाजारगावच्या मैदानात खोऱ्यातल्या अकरा शाळेच्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून ओळीने उभ्या केल्या होत्या. नवं यंत्र, तेही पूजेच्या मुहूर्तावरच सुरू करायचं असं सगळ्यांनी ठरवलं. यंत्र बसवायला आलेल्या मुलांनी विचारलं होतं, “रात्री झोप नीट झाली का?” सगळे म्हणाले होते, “झाली हो, झाली. तुम्ही उरका लवकर, मुहूर्त टळेल.” खरं तर आदल्या रात्री गावोगाव देवीचा जागर होता. आणि स्नेहलने नऊ दिवस उपवास धरला होता, वरीचा भात आणि ताकावर. त्या सकाळी उपाशीपोटी, न झोपलेल्या डोळ्यांनी ती पारखेसमोर बसली. पारखेने त्या दमलेल्या बाईला पाहिलं आणि नोंद केली, स्नेहल लोहार म्हणजे ही. इतकी सावकाश, इतकी विसरभोळी.

त्यामुळे आज मार बसलेली स्नेहल तिला अगदी ओळखीची वाटली. तिने हिरवा दिवा लावला.

आर्वीने हे सगळं आईला एका दमात सांगितलं. आई तिच्याकडे न बघता स्वतःच्या बोटांकडे बघत होती. अंगठा आणि पहिलं बोट. ती ते उघडत होती आणि मिटत होती.

“आठ वर्षांत एक खेप चुकली नाही माझी,” आई हळूच म्हणाली.

“माहितेय,” आर्वी म्हणाली.

आईने किल्ली फिरवून काढली. हिरवा दिवा विझला. ती मुलांकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “ऐका रे. काल माझ्या डोक्याला मार लागलाय. आज मी गाडी चालवणार नाही. हर्षद, तुझ्या पेपरचं बघू आपण. रागावू नको.”

“नाही काकी,” हर्षद म्हणाला. मग तो खाली उतरला आणि त्याने आईचा हात धरून तिला उतरायला मदत केली.

आत्याने शाळेत फोन लावला आणि दोघी मायलेकी गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेल्या. नदाफ सिस्टरांनी आईच्या डोळ्यांत उजेड पाडून बाहुल्या बघितल्या, उलटी झाली का, हातपाय बधिर वाटतात का, झोप आवरत नाही असं होतं का, हे सगळं विचारलं. मग पडद्यावर तालुक्याच्या डॉक्टरीणबाई आल्या.

“स्नेहलताई, शंभरातून सात वजा करत चला.”

“त्र्याण्णव. शहाऐंशी.” आई थांबली. “शहाऐंशी... शहाऐंशी, आणि...”

डिझेलच्या जमान्यापासून हिशेब तोंडी करणारी बाई होती ती. आर्वीला रडू आलं, पण तिने ते आत ढकललं.

“घाबरू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हा मेंदू बिघडलेला नाही, दमलेला आहे. दोन दिवस शांत पडून राहायचं. फोन नाही, टीव्ही नाही. मग थोडं थोडं काम. बहुतेकजण काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. पण स्टिअरिंगला हात मी सांगेन तेव्हाच. तुम्हाला बरं वाटायला लागेल, त्याच्यानंतरही काही दिवस. वाटणं आधी येतं, चपळाई मागून येते. आणि या काळात डोक्याला परत मार बसता कामा नये. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, गुंगी आली तर लगेच मोठ्या दवाखान्यात.”

“म्हणजे कबड्डी बंद,” आई म्हणाली.

“कबड्डी तर बंदच!” सिस्टर म्हणाल्या. “पुढच्या वर्षी मी येते सुनांकडून. मीपण इथली सूनच आहे.”

त्या दोघी बाहेरच्या बाकावर सावलीत बसल्या. आईने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आत्या आली. “झालं काम. शाळेने पेपर दहाला ठेवला. खालच्या वाडीची गाडी वर आली, संपतमामांची. पोरं गेली.”

“संपतमामांची मूळ नोंद पण दसऱ्याचीच असणार,” आर्वी म्हणाली.

“तेच माझ्या डोक्यात आलं. मी विचारलं त्यांना, मामा, काल कुठं पडलाबिडला नाहीत ना, झोप झाली का? म्हणाले, आठ तास घोरलोय, आणि तुझ्या वैनीसारखा मी कबड्डी खेळत नाही.” आत्या हसली. मग हळूहळू गंभीर झाली. “पण रोज कोण विचारणार गं? सगळ्यांनाच हिरवा दिवा दिसणार.”

दसऱ्याला मैदानात आईबरोबर बघितलेल्या त्या अकरा गाड्या आर्वीच्या डोळ्यांसमोर आल्या. अकरा चालक, सगळे जागरणाचे. यापुढे त्यांतल्या कुणाचं डोकं आपटलं, कुणाला ताप भरला, तरी त्याला हिरवा दिवाच मिळेल. आणि त्यांच्या घरचे म्हणतील, पारख आहेच की.

तिने आत्याचा फोन मागितला. पारखेच्या पडद्याखाली मदतीचा नंबर लिहिलेला असे, रोज समोर बसून तो तिला पाठ झाला होता. पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

“बोला. गाडी सुरू होत नाही का?”

“होतेय. होतेय म्हणूनच फोन केलाय.” आर्वीने दसरा, जागर, उपवास, पट्टी सगळं सांगितलं.

“बाळ, तू किती वर्षांची आहेस?”

“बारा.”

“घरात कुणी मोठं आहे का? त्यांना दे बरं.”

आर्वीने आईकडे बघितलं. आईला फोनवर बोलायची मनाई होती. पण आईने डोळे उघडले, हात पुढे केला आणि फोन घेतला.

“मी स्नेहल लोहार, करंजखिंडीची चालक. माझं डोकं आज बरोबर नाही. तिचं आहे. ती सांगते ते लिहून घ्या.”

एवढं बोलून आईने फोन परत दिला आणि मान मागे भिंतीला टेकली. तिचा एक हात आर्वीच्या पाठीवर होता.

“हं, सांग बाळ,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता बदलला होता. “कुठल्या कुठल्या गाड्या?”

आर्वी ताठ बसली. मैदानातली ओळ तिला डावीकडून उजवीकडे जशीच्या तशी दिसत होती.

“पहिली वरच्या वाडीची, निळी,” ती म्हणाली, “नंबर सांगते, घ्या.”